केराबाईच्या तोंडातली तार

सोलापुराजवळ कुंभारीत कामगारांच्या घरकुलात अगदी कडंच्या वळीला केराबाईचं घर हाय. दारात शेवगा, शेवग्याला एकादं कोकरू बांधलेलं, आन् केराबाई घरात असली की तिचा आवाज पार रस्त्यापतुर. नव्या मानसाला वाटायचं ही बाई सदा भांडती. भांडत न्हवती ती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टावेलाच्या कारखान्यात सोळा वर्सं कांड्या भरून तिचं कान निम्मं गेलं व्हतं, म्हनून आपलं समदंच मोठ्यानं. बाजारात मेथीचा भाव इचारला तरी भाजीवाली दचकायची.

जलम तिचा मेंढरामागं. आई कळपासंगं चालत व्हती, वाटंत एका बाबळीखाली केराबाई झाली, आन् चौथ्या दिशी आई तिला पाठीशी बांधून परत चालाय लागली. अशी पोर शाळंत कुटली जाती. लगीन झालं मंगळवेढ्याच्या पल्याडच्या बिरप्पासंगं. तेबी धनगराचंच घर, परत तीच मेंढरं, तीच वाट. नऊ वर्सं ती नवऱ्यामागं चालली. मग सोनाली, तिची एकुलती पोरगी, चार वर्सांची झाली, तवा केराबाईनं पाय रोवलं. नवऱ्याला म्हनली, "मेंढरं तुमी बगा, पोरगी मी बगते. ही रस्त्यावर न्हाय वाडायची." बिरप्पा कमी बोलनारा. दोन दिस गप बसला आन् तिसऱ्या दिशी म्हनला, "बरं." तवापासनं तो आट म्हैनं मेंढरामागं आन् ही कुंभारीत.

बिरप्पाचं एक आदीच सांगायला पायजे. त्याचा हात लई शाना. मनगट बाईसारकं बारीक. मेंढी अडली, कोकराचा पाय दुमडून बसला, की चार वाड्यांवरनं त्याला बोलावनं यायचं. हाताला त्याल लावायचं, आत घालायचा, कोकराचं पाय हुडकायचं, आन् मेंढीला कळ आली की त्या कळंसंगं वडायचं. कळ गेली की थांबायचं. परत कळ आली की परत वडायचं. असं त्यानं किती जीव बाहेर काडलं त्याची मोजदाद न्हाय. "कळ असली की भ्यायचं न्हाय," असं तो भावाच्या पोरांला शिकवायचा.

आन् केराबाईचा हात सुतात शाना. कांडी म्हंजी बोटायेवडी नळी. तिच्यावर मशीननं सूत गुंडाळायचं, ती लुमाच्या, म्हंजी मागाच्या, धोट्यात बसती, आन् टावेलाचं आडवं सूत तिच्यातनं सुटतं. सूत गुतलं की नव्या पोरी वडत्यात. वडलं की गाठ बसती, गाठ बसली की तुटतं. केराबाई नव्या पोरीच्या हातावर बारकी चापट द्यायची. आदी मशीन बंद. मग सूत सैल सोडायचं, मागं सारायचं, कुटं गुतलंय ते बगायचं.

पर हे ती तोंडानं सांगत न्हवती. शेडात लुमांची नुसती खडखड, कानात दुसरं कायबी शिरत न्हाय. तितं समदं बोलनं बोटांनी. दोन बोटं जोडून फाकली की सूत तुटलं. एक बोट हुकावानी वाकवून दोनदा मागं घेतलं की कुनीतरी वडलं. पंजा उबा केला की मशीन बंद कर. आन् अंगठा नि पैलं बोट चिमटीत धरून पीळ दिला, मिशीला देत्यात तसा, की नवरा. शेडातल्या बायकांच्या निम्म्या गोष्टी नवऱ्यावरच्या, त्यामुळं ती चिमटी दिसभर चालायची. केराबाईच्या समोरच्या मशीनवर सुंदरम्मा. घरात तेलुगू बोलनारी, मराठी तिचं मोडकंतोडकं. सोळा वर्सं दोगी समोरासमोर. तोंडानं बोलल्या की निम्मं चुकायचं, बोटानं एक बोल चुकत न्हवता.

औंदा दिवाळीला केराबाई गावाकडं बिरोबाच्या जत्रंला गेली. तीन दिस भंडारा उदळत्यात तितं, हळदीत मानसाला मानूस वळकत न्हाय. परत आली तवा कपाळ पिवळं, नखं पिवळी, साडीचा काठ पिवळा. कामावर दुसऱ्या दिशी सुंदरम्मानं समोरनं आपल्या डोळ्याखालची कातडी वडून दावली, आन् मग गळ्यातला हळदीचा दोरा दावला. म्हंजी, तुजं डोळं पिवळं झाल्यात. केराबाई हसली आन् मूठ भरून उदळल्यागत केलं. म्हंजी, भंडारा हाय गं, जत्रंचा.

सुंदरम्मानं मान हलीवली. तिलाबी ते पटलं.

आट दिस गेलं. कपाळावरचा भंडारा गेला, डोळ्यातला न्हाय गेला. अंगाला खाज सुटली. लगवी चहासारकी झाली. उजव्या बरगडीखाली दोन वर्सं दुकत व्हतं, ते ती सोडा पिऊन दाबायची. आता ते दुकनं पाठीत शिरलं आन् थंडी वाजून ताप भरला. पर धनगराच्या घरात पिवळा रंग देवाचा. त्याला आजार कोन म्हननार? सोनाली आता कॉलेजात जाती, बीकॉमच्या दुसऱ्या वर्साला. तिनं एक दिस आईला दारात उनात बसीवलं, पापनी वर केली आन् म्हनली, "आये, हा बिरोबा न्हाय. ही कावीळ हाय."

सोलापुरात मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटाचा फोटो काडला. पित्ताच्या पिशवीत खडं, आन् त्यातला एक घसरून पित्ताच्या नळीत जाऊन बसलेला. तितं सोमेश नावाचा तरना डॉक्टर व्हता, बोलायला सरळ. त्यानं कागदावर चित्र काडून मायलेकींला दावलं.

"काकू, पोट फाडायचं नाही. तोंडातून दुर्बीण खाली सोडायची, नळीचं तोंड जरा रुंद करायचं. मग तारेची एक बारकी जाळी आत जाते, खड्याला धरते, आणि जाळीसकट खडा खाली ओढून घ्यायचा. सगळं नीट झालं तर दोन दिवसांत घरी."

"आन् न्हाय झालं तर?" सोनालीनं इचारलं.

"शंभरात काही जणांना आत सूज येते, कुणाला रक्त येतं. ते बहुतेक वेळा आवरतं. जाळी अडकणं, नळी फाटणं, असलं फार क्वचित, समज हजारात एखाद्याला. पण सांगायला पाहिजे, म्हणून सांगतो."

सोनालीनं आप्पाला फोन लावला. बिरप्पा टेंभुर्नीकडं व्हता. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली व्हती. त्यानं समदं ऐकून घेतलं आन् म्हनला, "हजारात एक? आपली मेंढरं सव्वाशे. आपल्यात न्हाय यायचं ते."

केराबाईला हसू आलं. तिलाबी तसंच वाटलं.

दुसऱ्या दिशी सकाळी धाला तिला आत नेलं. इंजेक्शन दिलं, त्याच्यापुडचं तिला म्हाईत न्हाय. जाग आली तवा बारा वाजून गेलं व्हतं. घसा सोलल्यागत झालेला. दातात प्लास्टिकचं कडं, पट्ट्यानं डोक्यामागं बांधलेलं. आन् त्या कड्यातनं, जिभंवरनं, एक बारीक तार बाहेर आलेली, ती गालावर चिकटपट्टीनं डकवलेली.

सोमेश डॉक्टर खाटंजवळ उबाच व्हता. तोंड उतरलं व्हतं त्याचं.

"काकू, नीट ऐका. जाळीनं खडा धरला, पण खडा कडक निघाला. जाळी त्याच्यावर आवळली आणि दोन्ही मिळून नळीच्या तोंडात अडकलेत. पुढंही जात नाही, मागंही जात नाही. जोर केला तर नळी फाटेल, म्हणून मी थांबलो. दुर्बीण काढून घेतली, तार तशीच ठेवलीय. ह्या तारेवरूनच आत घालून खडा फोडायचं एक यंत्र असतं, ते पुण्याहून निघालंय. सहापर्यंत येईल. तोवर तारेला कुणी हात लावायचा नाही. तारेवर दात आवळू नयेत म्हणून ते कडं आहे, त्यामुळं बोलता यायचं नाही. पाणीही नाही."

सोनाली भितीला टेकून रडाय लागली. केराबाईनं डोळं मिटून उगडलं, म्हंजी कळलं. भ्या तर वाटलंच. पर त्या भ्यातबी तिच्या मनात आलं, मानूस शाना हाय. गुतलं तर वडलं न्हाय त्यानं. मशीन बंद केली. तिनं अंग सैल सोडलं. सा वाजेपतुर हलायचं न्हाय, येवडंच आपलं काम, असं सोताला सांगितलं.

तार अडकली तवाच सोनालीनं बिरप्पाला फोन केला व्हता. दोनच्या सुमाराला तो आला, मिळंल त्या गाडीनं, खांद्यावर घोंगडं तसंच. सोनाली रक्ताची नळी घेऊन खाली तपासायला द्यायला गेली व्हती. नर्स पल्याडच्या खाटंवरच्या म्हातारीचं सलाईन बगत व्हती, मदी पडदा. बिरप्पा खाटंजवळ आला आन् बगतच ऱ्हायला.

"काय गं हे," म्हनला. "बैलाला येसन घालावी तसं."

केराबाईनं हात थोडा उचलून खाली ठेवला. गप बसा, असं.

"अडकलंय म्हनं आत. पोरगी फोनवर रडत व्हती." त्यानं घोंगडं खाली ठेवलं आन् वाकून तारंकडं बगितलं. बोटाच्या टोकानं चाचपली. केराबाईनं मान हलीवली, नगं. त्याला वाटलं, तिला दुकतंय म्हनून हलीवती. आन् तेवड्यात तिला उमासा आला. पोट आवळलं, अंग खाटंवरनं वर आलं.

बिरप्पाला तवा समोर बायको दिसली न्हाय, कळ दिसली. तीस वर्सं हातानं जे केलं तेच हातानं केलं. चिकटपट्टी सुटली, तार बोटाभवती एक येढा घेऊन बसली, आन् उमाशासंगं त्यानं वडली. जोरानं न्हाय. जोरानं तो कदी वडतच न्हवता. दमानं, एकसारकं, कोकरू काडत्यात तसं. उमासा गेला, तो थांबला. दुसरा आला, परत वडली.

केराबाईनं दोनी हातांनी त्याचं मनगट धरलं. पर तवर आत कायतरी सुटलं व्हतं. खडा न्हवं. उजवीकडं, खोल, कापड टरकावं तसं झालं, आन् मग पोटात गरम पानी सांडल्यागत. तिच्या नरड्यातनं जो आवाज निगाला तो तिचा तिला वळकू आला न्हाय.

त्यानं तार सोडली. "न्हाय आली," म्हनला, तोंडातल्या तोंडात. तारंला जरा लाल लागलं व्हतं, ते त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. पट्टी परत गालावर दाबली. नर्स पडदा सारून आली तवा तो दोन पावलं मागं उबा व्हता, हात पाठीमागं.

"काका, बाहेर बसा आता."

तो गेला.

कळ आदी एका जागी व्हती, मग पसरली. पोट लाकडासारकं घट्ट झालं. उजव्या खांद्यात चमक मारायला लागली. केराबाईला दवाखान्याचं काय कळत न्हवतं, पर येवडं कळत व्हतं की आता सा वाजायची वाट बगून भागायचं न्हाय. डॉक्टर समजतोय की सूत नुसतं गुतलंय. सूत तुटलंय. आन् तुटलंय हे फकस्त दोन मानसांला म्हाईत. एकाचं तोंड कड्यात आवळलेलं, दुसऱ्याचं मोकळं.

तीनला सोमेश डॉक्टर आला, पोटावर हात ठेवला. "दुखणं वाढलंय?" तिनं डोळं मिटलं. तो नर्सला म्हनला, "स्वादुपिंडाला सूज येत असणार. रक्ताचा रिपोर्ट लवकर मागवा. यंत्र आलं की लगेच आत घेऊ." चुकीचं बोलला न्हाय तो. बगनाराला जे दिसंल ते बोलला. केराबाईनं हात वर केला, बोट हुकावानी वाकवलं, दोनदा मागं घेतलं. कळलं न्हाय त्याला. मग तिनं हात तारंजवळ नेला आन् वडल्यागत केलं.

"सर, ह्यांना तार काढायचीय," नर्स म्हनली. "मघाशी पट्टीपण सुटलेली दिसली मला."

"काकू, नाही. एवढा वेळ सोसलंत, आणखी तीन तास सोसा." डॉक्टर तिच्या डोक्यावर हात ठेवून दुसऱ्या पेशंटकडं गेला. आन् नर्सनं मऊ पट्टीनं तिची दोनी मनगटं खाटंच्या दांडीला बांधली. "रागावू नका मावशी. तुमच्याच भल्यासाठी."

सोनाली आली, उशाशी बसली. केराबाईची बोटं बांधल्या मनगटातबी हलत व्हती. मिशीची चिमटी. हूक. हूक. सोनालीनं ती बोटं आपल्या दोनी हातांत धरली आन् कुरवाळली. "आये, गप ऱ्हा. यीलच आता ते यंत्र." केराबाईच्या डोळ्यांतनं पानी आलं. हिनंच शपत घातली व्हती पोरीला, शेडाच्या दारात पाऊल टाकायचं न्हाय, शिकायचं. पोरगी शिकली. शेडातली बोली तेवडी ऱ्हायली.

दाराच्या काचंतनं बाहेरचा बाकडा दिसत व्हता. बाकड्यावर बिरप्पा. ती बगायची तवा तो आपल्या पायाकडं बगायचा. एकदा नजर मिळाली. तिनं भुवया वर केल्या. सांगा की. तो उटला, डॉक्टरच्या खोलीपतुर गेला, दाराशी उबा ऱ्हायला आन् परत येऊन बसला. राग न्हवता आला तिला. राग यायला अंगात जागा पायजे. तिला फकस्त येवडंच पायजे व्हतं की त्यानं एक डाव तोंड उगडावं.

साडेचारला शिफ्ट सुटली तशी सुंदरम्मा थेट दवाखान्यात आली. केसांत सुताचा पांढरा भुसा तसाच. शेडातल्या बाया बोलत्यात तसंच दारातनं मोठ्यानं, "अक्का, काय झाला तुला? हात कशाला बांदला?"

नर्सनं ओटावर बोट ठेवलं. सुंदरम्मा गप झाली आन् खाटंच्या पायथ्याशी उबी ऱ्हायली. केराबाईच्या बरुबर समोर. मशीनवर बसती तेवड्याच अंतरावर.

केराबाईनं डाव्या हाताची चिमटी केली आन् पीळ दिला. नवरा. बोट वाकवलं, दोनदा मागं घेतलं. वडलं. दोन बोटं जोडली, फाकली. तुटलं. आन् मग पंजा उबा करायला गेली, तर पट्टी आडवी आली; तरी बोटं जेवडी ताटली तेवडी ताटवली. मशीन बंद कर.

सुंदरम्मा खाटंच्या दांडीवर वाकली. तिनं तोंडानं काय इचारलं न्हाय. तिनंबी बोटानंच इचारलं. चिमटीला पीळ, मग हूक. नवऱ्यानं वडलं? केराबाईनं डोळं मिटलं आन् मिटूनच ठेवलं.

सुंदरम्मा बाहेर गेली. बाकड्यासमोर उबी ऱ्हायली. सोळा वर्सांत पैल्यांदा तिचा आवाज बारीक झाला असंल.

"दाजी, तार तुमी वडला?"

बिरप्पानं मान वर केली न्हाय.

"बोला. अक्का सांगितला मला."

"ती कशी सांगंल? तोंड बांधलंय तिचं."

"तोंड बांदला. बोट कुटं बांदला?"

सोनाली तिच्या मागनंच बाहेर आली व्हती. "आप्पा?" म्हनली.

बिरप्पाच्या मांडीवरचं घोंगडं खाली घसरलं. "व्हय," म्हनला. "मला वाटलं यील."

"कवा?"

"तू खाली गेली व्हतीस तवा. दोन वाजता."

सोनालीनं भितीवरच्या घड्याळाकडं बगितलं. पाच वाजायला आलं व्हतं. बिरप्पा जास्तच वाकला.

"मी सांगू डॉक्टरला, का तुमी सांगतो?" सुंदरम्मानं इचारलं.

तो उटला. ह्या वक्ताला दाराशी थांबला न्हाय. आत जाऊन टेबलासमोर उबा ऱ्हायला आन् म्हनला, "सायेब, माज्या हातानं झालंय."

डॉक्टर रागावला न्हाय. त्याला रागवायला येळच न्हवता. "किती वाजता? किती वेळा? किती जोरानं?"

"दोनदा. दोन वाजता. जोरानं न्हाय. मेंढीला वडतो तसं."

डॉक्टरनं क्षनभर त्याच्या हाताकडं बगितलं आन् फोन उचलला. परत पोटाचा फोटो काडला, मोठ्या मशीनचा. जितं हवा नसाय पायजे तितं हवा दिसली. सा वाजता पुन्याचं यंत्र आलं, त्याचं खोकं उगडायचीबी गरज पडली न्हाय. केराबाईला आत नेलं व्हतं. पोट उगडावंच लागलं.

नळीचं तोंड फाटलं व्हतं आन् शेजारी आतड्यालाबी भोक पडलं व्हतं. ते शिवलं, पित्ताची पिशवी काडली, बगलंतनं रबराची नळी आन् तिला पिशवी लावली. जाळी, तार आन् खडा एका बाटलीत घालून सोनालीला दावलं. बोराच्या बीयेवडा खडा, तारा त्याच्यात रुतल्यागत.

धा दिस केराबाई आयसीयूच्या काचंच्या खोलीत व्हती. ताप उतरायचा, परत चडायचा. दोनदा सोनालीला बोलावून सांगितलं की आज काय सांगता येत न्हाय. त्या धा दिसांत बिरप्पा वर आलाच न्हाय. गेटाजवळ लिंबाखाली घोंगडं अंथरून पडून ऱ्हायचा, सुंदरम्मानं आनलेली भाकर खायाची का न्हाय तेबी त्याला कळत न्हवतं. एक दिस सोमेश डॉक्टर सोता खाली गेला. म्हनला, "हे बघा, खडा असा अडकला की ओढल्याशिवायही नळी फाटू शकते. तुमच्यानं फाटली की आधीच चिरली होती, मला छातीठोक सांगता यायचं नाही. आणखी दोन-तीन तास कुणी काही बोललं नसतं तर मात्र मी काही करू शकलो नसतो."

बिरप्पाच्या कानात तेवडं शेवटचंच शिरलं.

केराबाईला वार्डात आनलं, बोलता यायला लागलं, तर तिचा तो आवाज कुटं गेला कुनास ठावं. बारीक, फाटका. पैल्यांदा सुंदरम्माला म्हनली, "त्यांना वर बोलीव." तो येऊन दाराशी उबा ऱ्हायला. केराबाई म्हनली, "मला मेंढी समजला व्हय तुमी?"

हसावं म्हनून बोलली ती. सुंदरम्मा हसली, आन् त्याचं तोंड बगून अर्ध्यात थांबली.

आता केराबाई घरी हाय. बगलंतली नळी दीड म्हैन्यानं काडली. अर्धी भाकर खाती, वजन उचलत न्हाय, कांडीवर कवा जायचं ते डॉक्टरनं अजून सांगितलं न्हाय. सोनाली रोज तिला दारात उनात बसीवती आन् पापनी वर करून बगती. बिरप्पानं कळप भावाच्या हवाली केला. पानी भरतो, भाकरी थापायला शिकला, वाकड्यातिकड्या. पर मेंढराला हात लावत न्हाय. मदी शेजारच्याची मेंढी अडली, बोलावनं आलं. ह्यानं दोनी हात घोंगड्यात घेतलं आन् म्हनला, "जनावरांच्या डॉक्टरला बोलवा." डॉक्टर यायला तास लागला. मेंढी वाचली, कोकरू गेलं. त्या दिशी बिरप्पा जेवला न्हाय, आन् त्यानं बरं केलं का वंगाळ केलं हे केराबाईलाबी ठरवता आलं न्हाय.

एकदा तिनं इचारलं. राग धरून न्हाय, आपलं तांदूळ निवडता निवडता. "तीन तास तुमी का बोलला न्हाय?"

मग तो म्हनला, "वाटत व्हतं, तू बरी व्हशील. मग बोलावं लागनार न्हाय. न्हाय तर मी हिला मारली असं आपल्या तोंडानं म्हनावं लागलं असतं."

केराबाईनं तांदळातनं एक खडा काडला आन् बाजूला ठेवला.

सुट्टीदिशी सुंदरम्मा येती. परवा आली तवा चहा पिऊन झाला, आन् बिरप्पा अचानक म्हनला, "सुंदरम्मा, ती शेडातली बोटांची बोली मला शिकव."

"आता कशाला दाजी? अक्का तोंडानं बोलतो की."

"त्या दिशी काचंतनं मला दिसत व्हतं समदं. बोटं हलत व्हती तिची. मला वाटलं कळ लागून हलत्यात. शिकव."

सुंदरम्मानं एकेक करून दावलं. तुटलं. मशीन बंद. मिशीची चिमटी. त्याची ती शानी बोटं, मेंढीच्या पोटात डोळं असल्यागत फिरनारी, ह्या येवड्याशा कामाला अडखळत व्हती. हूक शिकवताना त्यानं बोट वाकवलं आन् मागं घेतलंच न्हाय, तसंच धरून बसला. सुंदरम्मानंबी पुडचं शिकवलं न्हाय.

केराबाई खाटंवरनं बगत व्हती, एक हात बगलंवर. सवयच पडलीया आता तिला, तितं हात धरून बसायची. तेवड्यात दारात शेवग्याला बांधलेलं कोकरू वरडलं. दोरीत पाय गुतला व्हता त्याचा, आन् ते जिवाच्या आकांतानं वडत व्हतं, वडंल तसा फास आवळत व्हता. केराबाईनं हाक मारली न्हाय. पंजा उबा केला.

बिरप्पानं बगितलं. घडीभर त्याला काय समजंना. मग तिच्या नजरंमागं नजर नेली, उटला, दारात गेला. कोकराजवळ बसायला त्यानं येळ घेतला. पैल्यांदा त्याला पोटाशी धरलं, वडनं थांबंस्तवर. मग दोरीला वर झाडाकडनं ढील दिली, आन् आवळलेला एकेक येढा मागं सारायला लागला. केराबाई खाटंवरनं त्याच्या हाताकडंच बगत ऱ्हायली, दोरी पुरी सुटंस्तवर.